मैदानाची दक्षिण बाजू

दिवसाउजेडी क्रिकेटचे फोटो काढताना कॅमेऱ्याच्या सेटिंगआधी उभे राहण्याची जागा ठरवावी लागते आणि ती ठरते सूर्यावरून. फलंदाजाच्या डोळ्यांत तिरपे ऊन जाऊ नये म्हणून खेळपट्टी शक्यतो उत्तर-दक्षिण आखतात. न्यूझीलंडमधल्या नेपियरला ती पूर्व-पश्चिम आहे. २३ जानेवारी २०१९ रोजी भारताविरुद्धचा एकदिवसीय सामना तिथे मावळतीच्या उन्हापायी काही वेळ थांबला होता. छत्रपती संभाजीनगरात आमखाससारख्या मोकळ्या मैदानावर, आजूबाजूला दुसरे डाव चालू असले, की विकेट जागा मिळेल तशी पडते. तिथे आधी दिशा पाहावी, मग बॅग उघडावी.

हे शहर साधारण १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि शहर ७५.३ वर, त्यामुळे इथला खरा मध्यान्ह साडेबाराच्या आसपास होतो. डिसेंबरअखेर त्या वेळी सूर्य दक्षिणेला जेमतेम ४७ अंश वर असतो. म्हणजे हंगामाच्या ऐन थंडीत ऊन सकाळी आग्नेयेकडून, दुपारी दक्षिणेकडून आणि उतरत्या वेळी नैर्ऋत्येकडून येते. अशा दिवसांत दक्षिणेकडच्या सीमारेषेवर, साइटस्क्रीनपासून चांगले बाजूला बसणे सर्वांत फायद्याचे. एका षटकात उत्तरेकडून धावत येणाऱ्या गोलंदाजाचा चेहरा उजळ मिळतो, पुढच्या षटकात उत्तर टोकाच्या फलंदाजाचा. त्यातही बारकावा आहे. त्या टोकाला उजव्या फलंदाजाची छाती पश्चिमेकडे असते, म्हणून त्याचा कव्हर ड्राइव्ह दुपारनंतर खुलतो, डावखुऱ्याचा सकाळी. साइटस्क्रीनपुढून फिरणाऱ्याला मात्र पंचांच्या आधी फलंदाजच ओरडतो, आणि ते बरोबरच आहे.

मे महिन्यात हे गणित मोडते. तिसऱ्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, ऊन मी म्हणत असते आणि टोपीची कड डोळ्यांवर काळी पट्टी ओढते. हेल्मेटच्या जाळीमागे तर काहीच दिसत नाही. त्या वेळी चेहरा वर होण्याची वाट पाहावी: उंच उडालेल्या चेंडूखाली आलेला क्षेत्ररक्षक, किंवा षटकार मारून चेंडूकडे बघत राहिलेला फलंदाज. टेनिस बॉलच्या सामन्यात चेंडू सारखा हवेतच असतो, त्यामुळे भर दुपारीही असे फोटो मिळतात. गवत नसलेली फिकट जमीनही खालून थोडा प्रकाश परतवते.

एक्स्पोजरचा जुना हिशोब अजून चालतो. लख्ख उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ आणि सेकंदाचा शंभरावा भाग. तोच प्रकाश एफ ५.६ आणि आयएसओ २०० ला १/१६०० मध्ये बसतो. ताशी १२० किलोमीटरचा चेंडू सेकंदाच्या हजाराव्या भागात सव्वातीन सेंटिमीटरहून जास्त सरकतो, म्हणजे स्वतःच्या जवळजवळ निम्म्या जाडीइतका. १/२००० ला त्याच्या निम्मे. पांढरे कपडे चौकटभर आले, की कॅमेऱ्याचे मीटर फसते आणि सगळे काळवंडते. म्हणून मॅन्युअलवर ठेवून, पांढऱ्या शर्टाच्या चुण्या दिसतील इतपतच प्रकाश घ्यावा. सावलीतला चेहरा नंतर थोडा उचलता येतो, पांढरा जळालेला शर्ट परत येत नाही. ढग आला तर हिशोब पुन्हा मांडावा लागतो. उन्हात स्क्रीनवर भरवसा ठेवू नये. हिस्टोग्राम पाहावा, तोही टॉवेलच्या आडोशाने.

लेन्सचे थोडक्यात: एपीएस-सी कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स ६५ मीटरवर सुमारे पाच मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच चौकट देते. उभा फलंदाज त्यात अर्धी उंची व्यापतो. एवढ्याने वर्तमानपत्राचे काम भागते.

लांब लेन्सचा खरा शत्रू तापलेली हवा आहे. अकरानंतर जमिनीलगतची हवा थरथरू लागते आणि स्टंप पाण्यात उभे असल्यासारखे डुलतात. फोकस नेमका असूनही फोटो मऊ येतो. महागड्या लेन्सने यात काडीचा फरक पडत नाही. जवळ जावे, पायरीवर किंवा गॅलरीत उंच बसावे, नाहीतर महत्त्वाचे फोटो सकाळच्या पहिल्या तासाभरात उरकावेत. जमिनीवर लोळून काढलेला फोटो रुबाबदार दिसतो खरा, पण दुपारी तोच सर्वांत आधी बिघडतो.

मागची बाजूही पाहावी. सीमारेषेला ओळीने लावलेल्या मोटारसायकलींचे आरसे उन्हात चमकतात आणि फलंदाजाच्या कानाजवळ पांढरे ठिपके उमटवतात; दोन पावले सरकले, की जातात.

स्थानिक सामन्यात नावांचा घोळ ठरलेला. जर्सीवर नाव असलेच तर पाठीवर असते आणि चांगला फोटो समोरून येतो. म्हणून सामना सुरू होण्यापूर्वी कॅमेऱ्याचे घड्याळ गुणलेखकाच्या घड्याळाशी जुळवावे आणि प्रत्येक खेळाडूचा एक फोटो पाठमोरा घेऊन ठेवावा.