परवलीचा शब्द कोणाच्या हातीं?

सरकारी खजिन्याच्या कोठडीस दोन कुलपें असत व त्यांच्या किल्ल्या दोन निरनिराळ्या अंमलदारांजवळ राहात, हें महसूल खात्यांत ज्यांनीं चाकरी केली त्यांस सांगावयास नको. एकट्या कोणास कोठडी उघडतां येऊं नये, हा त्यांतील हेतु. मोबाइलवरील खात्यास परवलीचा शब्द व वर संदेशानें येणारा ओटीपी अशीं जीं दोन कुलपें हल्लीं लाविलीं जातात, त्यांचें तत्त्व तेंच होय. परंतु दोन्ही किल्ल्या एकाच खुंटीस टांगल्यावर दोन कुलपांचा उपयोग काय?

पी. एम. किसानचे वर्षास ६००० रुपये, पीकविमा, शेतकरी ओळख क्रमांक, यांपैकीं पुष्कळ कामांस ओटीपी लागतो. जामसरसारख्या डोंगरांतील गांवीं ज्याच्या फोनला रेंज मिळत नाहीं किंवा ज्यास इंग्रजी अक्षर लागत नाहीं, तो जव्हारास जाऊन केंद्रचालकाच्या हातीं फोनच देऊन मोकळा होतो. चालक बहुधा प्रामाणिकच असतो. पण नोंदणींत खातेदाराऐवजीं त्याचाच मोबाइल क्रमांक पडला, तर पुढील सर्व ओटीपी त्याजकडे जाणार. फेरफारांत भलतेंच नांव लागल्यानें होणाऱ्या घोटाळ्याहून हा घोटाळा लहान नव्हे. आपल्या खात्यास कोणता क्रमांक जोडला आहे, तें प्रत्येकानें बँकेंत जाऊन एकदां पाहून घ्यावें. आणि ओटीपीचे अंक खातेदारानेंच स्वतःच्या बोटानें दाबावेत, असा दंडक केंद्रांवर असावा. सातबारा वाचणाऱ्यास सहा अंक जड नाहींत.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या बांधवांस आणखी एक सांगणें आहे. रिचार्जावांचून क्रमांक ९० दिवस वापरांत राहिला नाहीं, तर कंपनी तो बंद करूं शकते व पुढें तोच दुसऱ्या कोणास देते. मग आपला ओटीपी परक्याच्या खिशांत वाजूं लागतो.

२०१८ च्या ऑगस्टांत चोरट्यांनीं पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारें ९४ कोटि रुपये लांबविले. त्यासाठीं त्यांस बँकेच्या यंत्रणेंत शिरावें लागलें, बनावट कार्डांनीं देशोदेशीं पैसे काढावे लागले. शेतकऱ्यास लुटण्यास इतका खटाटोप नको. ‘पी. एम. किसान यादी’ अशा नांवाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर येते. ती बसवून मागेल ती परवानगी दिली कीं फोनमधील संदेश चोरास घरबसल्या वाचतां येतात. म्हणजे दुसरेंहि कुलूप गेलें!

पहिल्या कुलपाची गोष्ट तर विचारूंच नये. मुलाचें नांव व जन्मसाल, किंवा शेताचा गट क्रमांक! गट क्रमांक साऱ्या गांवास पाठ असतो. वेड्यावांकड्या चिन्हांच्या आंखूड शब्दापेक्षां लांब शब्द फोडण्यास अधिक कठीण. एकमेकांशीं संबंध नसलेले चार शब्द घ्यावेत, जसे नागली, कंदील, मंगळवार, घोरपड. (हे आतां छापले गेले, कोणीं वापरूं नयेत.) ईमेलच्या खात्यास तर निराळाच शब्द हवा, कारण इतर खात्यांच्या नव्या किल्ल्या तेथेंच येतात. त्यास दुसरें कुलूप म्हणून ऑथेंटिकेटर ॲप लावितां येतें. तें आंकडे फोनमध्येंच तयार करतें, रेंज लागत नाहीं. परवलीचे शब्द वहींत लिहून पेटींत ठेवण्यास कित्येक जाणते नाक मुरडतात. आम्हांस त्यांत वावगें दिसत नाहीं; ती वही फोनबरोबर फिरूं नये, एवढेंच.

एवढें करूनहि पैसे गेलेच तर वेळ दवडूं नये. ग्राहकानें स्वतः परवलीचा शब्द दुसऱ्यास दिल्यानें नुकसान झालें, तर बँकेस कळवीपर्यंतचें नुकसान त्याचें व त्यानंतरचें बँकेचें, असें रिझर्व्ह बँकेनें जुलै २०१७ च्या परिपत्रकांत ठरविलें. म्हणून पोलीस पाटलाकडे किंवा नातलगांकडे सल्ल्यास जाण्यापूर्वीं बँकेस व १९३० या क्रमांकास फोन करावा, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा.