वर्गाची सामाईक वही

शेतकरी बंधुभगिनींनो, शाळेत मुले ‘विकी’वर लिहितात म्हणाली, तर तो खेळ समजू नका. विकी म्हणजे संगणकावरची सामाईक वही. एकाने ज्वारीवर चार ओळी लिहायच्या, दुसऱ्याने भर घालायची, तिसऱ्याने चूक दुरुस्त करायची. कोणी काय बदलले याची नोंद राहते. बिघडलेला मजकूर पूर्ववत करता येतो. अमेरिकेत वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये ही सोय काढली. २००३ पासूनचा मराठी विकिपीडियाही असाच अनेक हातांनी वाढला.

मात्र ऐकीव माहिती पारखूनच लिहावी. तणनाशकाचे प्रमाण एका शून्याने चुकले, तर उभे पीक करपते! म्हणून मुलांनी विचारले, तर डब्यावरची चिठ्ठी दाखवा, पेरणीचा अनुभव सांगा. तुमचे शहाणपण त्या वहीत उतरू द्या.