उसाच्या मुलुखांत रक्तशर्करेचा विचार

शेतकीच्या मासिकांत रक्तांतील साखरेची चर्चा कशास, असा प्रश्न कित्येक वाचकांस पडेल. परंतु साखर व गूळ यांवर ज्यांचा संसार चालतो, त्या आम्हां करवीरकरांनींच या विषयाकडे पाठ फिरवावी, हें उचित नव्हे. शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली, तिनें आमच्या गुळास बाजार दिला. २०१४ सालीं कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकनहि लाभलें. या लौकिकाचा अभिमान बाळगूनच पुढील चार शब्द लिहीत आहें.

मधुमेह हा शहरांतील लठ्ठ व बैठ्या लोकांचा रोग, ही आपली समजूत आतां टिकण्यासारखी नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेली व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते कीं, देशांतील प्रौढांपैकीं शेंकडा ११.४ मधुमेही असून शेंकडा १५.३ त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं तर २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत स्वतःचेंच उदाहरण दिलें. त्यांचें व जॉन युडकिन या इंग्रज संशोधकांचें वजन उंचीच्या मानानें सारखेंच. पण युडकिन यांच्या अंगांत चरबी शेंकडा ९, तर याज्ञिकांच्या अंगांत शेंकडा २१. तेव्हां अंगानें सडपातळ तो निर्धोक, असें म्हणतां येत नाहीं.

निरोगी मनुष्याची साखर उपाशीपोटीं शंभर मिलिलिटर रक्तांत १०० मिलिग्रॅमच्या आंत, व जेवणानंतर दोन तासांनीं १४० च्या आंत असावी. जेवण होतांच ती चढते. मग स्वादुपिंडांतून इन्सुलिन स्रवतें, आणि यकृत व स्नायू ती साखर शोषून घेतात. शिरोळ तालुक्यांतील क्षारपड जमिनी आपण पाहिल्याच आहेत. उसास भरमसाट पाणी दिलें, निचरा राहिला नाहीं. आरंभीं पीक जोमदारच दिसलें, आणि बिघाड ध्यानांत आला तोंवर उशीर झाला होता. शरीराचेंहि तसेंच आहे. साखरेचा निचरा मुख्यत्वें स्नायू करतात, आणि ते बसून राहिले कीं तो मंदावतो.

आपल्या राहणींत फरक कोठें पडला, तें उघड आहे. नांगरामागें चालणारा ट्रॅक्टरवर बसला. रानांत पायीं जाणारा मोटारसायकलवरून जाऊं लागला. उसानें रान व्यापलें, तेव्हां जोंधळा, हरभरा व मटकी घरच्या शेतांतून गेलीं. भाकरी-उसळीच्या जागीं पांढरा भात वाढला, आणि चहाबरोबर खारी-बिस्किटें आलीं. बिडी-सिगारेटीच्या धुरानेंहि इन्सुलिनचें काम अडतें. मोटारीस वीज रात्रपाळीची असली म्हणजे पाणी पाजणारा रात्रभर जागा. या जागरणाची किंमत आपण कधीं मोजली नाहीं. शिकागो येथें ११ धडधाकट तरुणांस सहा रात्रीं केवळ चार-चार तास झोपूं दिलें, तों त्यांची साखर जिरविण्याची शक्ति ढळली, असें १८९९ नव्हे, अगदीं अलीकडे, १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. दिवसा वीज मिळावी ही आमची मागणी म्हणूनच केवळ सोयीची नव्हे, आरोग्याचीहि आहे.

आतां गुळाविषयीं. गुळांत लोह व कांहीं क्षार असतात हें खरें. पण त्याचा मोठा भाग उसाची साखरच होय, आणि रक्तांत तो साखरेसारखाच चढतो. चरकसंहितेंतहि प्रमेहाच्या कारणांत बसण्या-निजण्याचें सुख, दहीं व नवें धान्य यांबरोबर गुळाचे पदार्थ गणिलेले आहेत. मी स्वतः महसुली कचेरींत खुर्चीवर आयुष्य काढलें. दिवसास सहा पेले चहा घेई, पण तो गुळाचा, म्हणून निर्धास्त होतों. सेवानिवृत्तीनंतर उपाशीपोटींची साखर १०८ भरली, तेव्हां डोळे उघडले. पेले दोनावर आणले, दोन्ही जेवणांनंतर पाव तास चालूं लागलों, रात्रीचें जेवण लवकर घेऊं लागलों. सहा महिन्यांनीं आंकडा ९६ वर आला. जेवणानंतर चालणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहतां साखर ओढून घेतात. हा उपाय बिनखर्चाचा आहे.

यास्तव माझें मत स्पष्ट आहे. ‘मधुमेह्यांस चालणारा गूळ’ म्हणून कोणी माल विकत असेल, तर आपल्या संघानें त्याची भीड धरूं नये. गूळ चवीसाठीं, सणासाठीं, बेतानें खावा, असें सांगून जो माल खपेल तोच प्रामाणिकपणें खपेल. सभासदांनीं निदान घरापुरता शाळू व हरभरा पेरावा. पानांत आधीं भाजी-उसळ व मग भात घ्यावा. तिशी उलटलेल्यांनीं मधूनमधून रक्त तपासून घ्यावें. आणि संघाच्या सभेंत गोड चहाचा आग्रह बंद व्हावा. जमिनीची माती आपण तपासून घेतों. जो ती जमीन कसतो, त्याच्या रक्ताची तपासणी त्याहून कमी महत्त्वाची कशी मानावी?