ताणलेल्या पापुद्र्याची करामत

फूटपाथवरचा गॉगलवाला म्हणतो, ‘पोलराइज्ड आहे, घेऊन जा.’ भर उन्हात रिक्षा चालविणारा आपला माणूस त्या एका शब्दापायी चार पैसे जास्त मोजतो. तो शब्द खरा की खोटा, हे घरी बसून ओळखता येते. कसे, ते आज आम्ही सांगतो.

प्रकाश ही लहर आहे. तिची कंपने उभी, आडवी, तिरपी अशी असतात. पाण्यावरून किंवा ओल्या रस्त्यावरून डोळ्यांवर येणाऱ्या चकाकीत आडवी कंपने जास्त असतात. तेवढी अडवली की तिरीप कमी होते.

ती अडविणारा पापुद्रा अमेरिकेचे एडविन लँड यांनी १९३८ साली तयार केला. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या प्लॅस्टिकमध्ये रेणूंच्या लांब साखळ्या न विंचरलेल्या केसांसारख्या गुंतलेल्या असतात. पापुद्रा एकाच दिशेने ताणला की त्या विंचरल्यासारख्या रांगेत येतात. त्याला आयोडीन दिले की तेही साखळ्यांच्या ओळीत बसते. मग साखळ्यांच्या दिशेची कंपने शोषली जातात आणि काटकोनातली पार होतात. न ताणता आयोडीन दिले तर पापुद्रा नुसता रंगतो, निवड करीत नाही.

असाच पापुद्रा कॅलक्युलेटरच्या पडद्यावर असतो. म्हणून कॅलक्युलेटर सुरू करा, गॉगलच्या एका काचेतून आकडे पाहा आणि गॉगल हळूहळू अर्धा फेरा फिरवा. मध्येच पडदा काळा झाला तर माल खरा. काहीच बदलले नाही तर ती साधी रंगीत काच समजा.

मुलामुलींनी आणखी एक गंमत करावी. कॉम्प्युटरचा पांढरा एलसीडी पडदा गॉगलमधून काळा दिसू लागला, की पारदर्शक पिशवीची पट्टी ताणून मध्ये तिरपी धरावी. ताणलेल्या भागात रंग उमटतात. ताणल्यामुळे प्लॅस्टिकमध्ये दोन दिशांच्या कंपनांचा वेग वेगळा होतो आणि एक दुसऱ्याच्या मागे पडते. प्रत्येक रंगाला हा फरक वेगळा पडतो, म्हणून काही रंग गॉगलमधून पार होतात, काही अडतात.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. चकाकी अडली म्हणजे अतिनील किरण अडले, असे नव्हे. गडद काचेमागे बाहुली मोठी होते. काच अतिनील किरण अडवीत नसेल तर ते उलट जास्त आत शिरतात. तेव्हा ‘यूव्ही ४००’ची खात्री चष्म्याच्या दुकानात वेगळी करून घ्या आणि मगच पैसे मोजा. गॉगल कोणताही असो, सूर्याकडे मात्र थेट पाहू नका.