शिक्षणवाट : सोलर शिकायचे, पण कोणत्या वाटेने?

तळोज्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटी दिली आणि आता तिला ‘सोलरमधले’ शिकायचे आहे. घरातली मोठी माणसे म्हणतात, छपरावर चढण्याचे काम मुलीचे नव्हे. त्यातच एका खासगी संस्थेने ‘रिन्युएबल एनर्जी’च्या पदवीची रंगीत पत्रिका हातात ठेवली आहे. काय करावे?

आधी पत्रिका बाजूला ठेवा. माझा कल साध्या इलेक्ट्रिकलकडे आहे. सोलर पॅनलमधून निघते ती डीसी वीज. इन्व्हर्टर तिची एसी करतो, पुढे मीटर आणि महावितरणची वाहिनी. हे ज्याला नीट कळले त्याला पॅनलही कळते, पवनचक्कीही कळते. उद्या सोलरचा बाजार मंदावला तरी सबस्टेशन, कारखाना, रेल्वे ही दारे उघडीच राहतात. ऊर्जेचे खास शिक्षण एम.टेक.ला घेता येते. पवईच्या आयआयटीत त्याचा स्वतंत्र विभाग आहे. अंजुमन-ए-इस्लामचा काळसेकर टेक्निकल कॅम्पस नवीन पनवेलला, म्हणजे तुम्हाला जवळच. कोणत्या शाखेला यंदा किती जागा आहेत ते मात्र प्रवेशपुस्तिकेत पाहा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आता फी. आपल्या कितीतरी घरांत मुलीचे नाव याच ठिकाणी यादीतून खोडले जाते. 2024-25 पासून राज्य सरकारने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. बागवान, तांबोळी, मोमीन अशा जमाती ओबीसीत येतात हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ज्यांना कोणतेच आरक्षण नाही अशी मुस्लिम कुटुंबेही अटी पूर्ण केल्यास ईडब्ल्यूएसचा दाखला काढू शकतात, हे सांगितले की लोक आश्चर्याने बघतात! प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही.

राहिले छप्पर. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत घरावरच्या तीन किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान आहे. हे काम निम्मे टेबलावरचे असते : वीजबिल वाचणे, सावलीचा हिशेब, आराखडा, नेट मीटरिंगचा अर्ज. पण ताई, छपरावर चढावे लागतेच, आणि पहिली दोन वर्षे तर चढावेच. पट्टा बांधून, हेल्मेट घालून.

मुलीचा ओढा विजेपेक्षा पाण्याकडे असेल तर पर्यावरणशास्त्र किंवा केमिकल पाहा. 2017 मध्ये तळोज्याची कुत्री कासाडी नदीतल्या रंगाने निळी झाली होती, ते तुमच्याकडे अजून कोणी विसरलेले नाही. सांडपाणी तपासणाऱ्या माणसांची गरज तुमच्या दारातच आहे.

कोणतीही शाखा घेतली तरी पर्यावरणाचा पेपर येतोच. 1991 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून हा विषय सक्तीचा होत गेला. मुले तो आदल्या रात्री गाईड वाचून उरकतात. त्याऐवजी प्रकल्पासाठी घरात वुजूच्या नळाखाली बादली ठेवून आठवडाभर पाणी मोजायला सांगा. वाहत्या नदीकाठीही वुजूत पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मोजून कोण बघतो?

उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा कागद यांसाठी तहसील कार्यालयात याच आठवड्यात अर्ज करा. ओबीसीसाठी नॉन-क्रीमीलेअरही लागेल.