चंदनेची बेडी भाड्याने मिळत नाही



पर्युषण जवळ आलं की आमच्या ग्रुपवर एकच चौकशी सुरू होते, "त्रिशलामातेचा ड्रेस भाड्याने कुठे मिळेल?" सहाशे रुपये भाडं, वर डिपॉझिट, आणि मुकुटाचा एखादा खडा पडला की त्यातले पन्नास कापले जातात ते वेगळेच. मुलगी स्टेजवर जाते, "मी त्रिशलामाता" म्हणते, फोटो होतो, खाली उतरते. झालं.

कुणाला राग आला तर येऊ दे, पण वेशभूषा स्पर्धेत भाड्याचे पोशाख बंदच करायला हवेत.

हे मी शहाणपणा मिरवायला लिहीत नाही. गेल्या वर्षी परीक्षक मीच होते. नऊ त्रिशलामाता आणि चार इंद्राणी झाल्या. एक मुलगी मात्र चंदना होऊन आली होती. आईची जुनी सुती साडी, हातात मातीचं परळ, पायात कागदाची बेडी. तिने सगळी कथा सांगितली, न अडखळता. आणि मी पहिला नंबर दिला सगळ्यात मोठ्या मुकुटाला! कार्यक्रम संपल्यावर तिची आई भेटली. चपात्यांच्या ऑर्डरी घेऊन घर चालवते ती. म्हणाली, "ताई, आमच्याकडे मुकुट नव्हता ना. पुढच्या वर्षी आणते भाड्याने." सुरात तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागलं.

दहा दिवसांत एक दिवस आपण उत्तम आकिंचन्य धर्माची पूजा करतो, आणि त्याच मांडवात एका आईला सहाशे रुपये उधार काढायला शिकवतो.

चंदना कोण होती? वैशालीच्या राजा चेटकाची मुलगी, नशिबाने कौशांबीच्या सेठाला विकली गेलेली. सेठाणीने संशयापोटी तिला बेडीत ठेवलं, खायला कोद्रवाचा भात दिला. महावीर आहाराला आले तेव्हा बेड्या गळून पडल्या. पुढे हीच 36,000 आर्यिकांची प्रमुख झाली. (श्वेतांबर मैत्रिणींच्या कथेत सुपात उडदाचे बाकळे असतात. बेडी मात्र दोन्हीकडे आहे.) आपल्या पोरींना तीर्थंकरांची आई व्हायला आपण हौसेने नटवतो. संघाची प्रमुख व्हायला एकीलाही उभं करत नाही.

आता बेडी. रद्दीचं अर्धं पान विणायच्या सुईवर तिरपं गुंडाळा, सुई काढून घ्या. ही नळी हाताने जरा दाबून बांगडीभोवती दोन वेढे द्या की कडी तयार. बंद करण्याआधी ती मागच्या कडीत ओवायची. वीस-बावीस कड्या पुरतात. दिवसांत वर्तमानपत्रात भगवंतांचे फोटो येतात, ती पानं आधी बाजूला काढा. चिकटवायला बाजारचा सरस नको, तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात. गाळलेल्या पाण्यात मैद्याची खळ शिजवा. किडे लागू नयेत म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत. आपण कशाला घालायचं? लागेल तेवढीच करा, त्याच दिवशी संपवा, बेडी कडक उन्हात पूर्ण वाळू द्या. मग काळा रंग, आणि गंज दिसायला मधे मधे गेरूचं बोट. पायाला टोचू नये म्हणून घोट्याच्या कडीला आतून जुन्या धोतराची पट्टी लावा.

एक कडी उघडीच ठेवून कच्च्या दोऱ्याने बांधायची. महावीर आले की मुलीने पाय पुढे टाकायचा, दोरा तुटतो, बेडी पडते. घरी दोन-तीनदा करून बघा, नाहीतर दोरा भलताच पक्का निघतो! परळातला कोद्रव कोरडाच ठेवा, म्हणजे घरी आणून शिजवता येईल.

"घरचं केलेलं गबाळं दिसतं," असं म्हणणाऱ्या भेटतात. चंदना गबाळीच होती हो त्या वेळी. "वेळ कुठे आहे?" तर ड्रेस आणायला, बदलायला, परत करायला ज्या तीन फेऱ्या होतात त्या कशात मोजायच्या? आमच्या सासूबाईंचा आक्षेप वेगळा होता: सणाच्या दिवशी पोरीच्या पायात बेडी अशुभ. त्यांच्याशी वाद घातला नाही. नातीला बेडी बांधली आणि चालायला सांगितलं. ती तुटल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, "परत कर बघू."

यंदाही मला परीक्षक म्हणून बोलावलंय. माझी अट मी कळवली आहे: भाड्याचा पोशाख असेल तर गुण नाहीत. मान्य नसेल तर दुसरी परीक्षक बघा. त्या चपात्यांवाल्या ताईंकडेही मी जाऊन आले. त्यांना म्हटलं, मुकुट आणू नका, बेडी जपून ठेवली असेल तर तीच आणा. त्यांनी माळ्यावरून पिशवी काढून दाखवली. दोन कड्या उंदराने कुरतडल्यात, बाकी शाबूत आहे.

येत्या रविवारी दुपारी आमच्या सोप्यात बसू या. रद्दी आणा, पोरींना आणा. खळ मी करते.