झडप गळते, पण दुखत नाही

गेल्या महिन्यात शेजारचे एक भाऊ टूडी इकोचा रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आले. गोदामात माथाडीचे काम करतात. म्हणाले, "दादा, झडप गळते म्हणतात, मोठी नळी फुगली म्हणतात. पण दुखत तर काहीच नाही! कशाला पुन्हा खाडा करून तपासणीला जायचे?"

आम्ही डॉक्टर नाही, हिशेब लिहिणारे कारकून. पण डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आमच्या वाचकांसाठी देत आहोत.

हृदयातून शरीरभर रक्त नेणारी मोठी नळी म्हणजे महाधमनी. तिच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते. ती नीट मिटली नाही तर दर ठोक्याला थोडे रक्त मागे येते आणि हृदयाला ते पुन्हा उपसावे लागते. हे जादा काम हृदय वर्षानुवर्षे मुकाट्याने करते. म्हणून दुखत नाही. दम लागू लागतो तेव्हा हृदय थकलेले असते.

लहानपणी घसा बिघडल्यानंतर येणाऱ्या सांधेतापाने झडप खराब होते. शंभरात एखाद्-दुसऱ्याला जन्मतःच दोन पाकळ्यांची झडप असते, अशांची महाधमनीही रुंदावू शकते. वाढलेला रक्तदाब तिला आणखी ताणतो. नळी रुंदावली की पाकळ्या एकमेकींना पोचत नाहीत आणि गळती वाढते.

मोठ्या माणसाची महाधमनी हृदयाजवळ साधारण साडेतीन सेंटिमीटरच्या आत असते. भाऊंची 4.4 होती. बहुधा 5.5 च्या सुमारास शस्त्रक्रियेचा विचार होतो. काहींच्या बाबतीत त्याआधीच. तोवर रक्तदाबाची गोळी चुकवू नये, विडी-तंबाखू सोडावी आणि ठरल्या तारखेला इको करावा. जुने रिपोर्ट फेकू नयेत. आकडा वाढला की नाही, हे मागच्या आकड्यावरूनच कळते. झडप जन्मतः दोन पाकळ्यांची असेल तर भावंडांची व मुलांचीही तपासणी करावी.

छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली तर गॅस समजून घरी थांबू नये. तडक मोठे रुग्णालय गाठावे.

जड ओझे उचलू नका, असे डॉक्टरांनी भाऊंना सांगितले होते. पण ओझे सोडले तर चूल कशी पेटणार? शेवटी आम्ही दोघे टोळीच्या मुकादमांना भेटलो. आता भाऊ मालाची मोजदाद करतात. मजुरी थोडी कमी मिळते, पण खाडा नाही. पुढच्या तपासणीची तारीख वहिनींनी कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवली आहे.

आपल्या घरात असा रिपोर्ट पडून असेल तर आजच काढून पाहा.